कानांचे पाठभेद

आमच्या घरात हेडफोनांचं एक कपाट आहे. पूर्वी त्यात आईच्या शाली आणि लोकरीचे कपडे असायचे. आता वरच्या दोन खणांत सतरा हेडफोन आहेत आणि शाली पलंगाखालच्या पेटीत गेल्या आहेत. आईने एकदा कपाट उघडून शांतपणे विचारलं होतं, "कान दोनच आहेत ना रे तुला?" ही प्रस्तावना म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे. ती वाचेल असं वाटत नाही. तिला उत्तर नको होतं, कपाट हवं होतं.

पुढच्या पानांतली टिपणं मी दोनशेपानी वह्यांत गेली चौदा वर्षं लिहीत आलो. कोणता हेडफोन, कुणाकडून आला, किती दिवस राहिला, काय लावून ऐकलं आणि काय ऐकू आलं. सगळे माझे नव्हते. या छंदात उसनवारी फार चालते. कुणी मुंबईहून येताना आपला नवा हेडफोन पिशवीत घालून आणतो, आठ दिवस ठेवून जातो आणि जाताना तुमचा एखादा घेऊन जातो. महिन्याभराने दोघांनाही आपापला परत मागायची घाई उरलेली नसते. माझ्या संग्रहातला निम्मा ऐवज असा, देवाणघेवाणीत कुणी हिशेब न ठेवल्यामुळे साठलेला आहे. उरलेल्या निम्म्याचा हिशेब मीच ठेवलेला नाही. त्याची कारणं घरगुती आहेत.

जाहिरातींत आणि हौशी मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: हा हेडफोन मूळ ध्वनिमुद्रणाशी प्रामाणिक आहे. पहिली काही वर्षं मीही वहीत ते लिहीत होतो. नंतर नंतर मला त्याचा अर्थ लागेनासा झाला. बहुतेक ध्वनिमुद्रणं तयार होतात ती स्टुडिओत समोर दोन स्पीकर ठेवून. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानाला पोचतो, तसाच किंचित उशिरा आणि किंचित दबून उजव्यालाही पोचतो. भिंती त्यात आपली भर घालतात. खांदे, डोकं, कानाची पाळी त्याला वळण देतात. हेडफोन हे सगळं वगळून टाकतो. डावीकडचं ते डावीकडेच राहतं, उजवीकडचं उजवीकडेच, आणि समोर चार हातांवर बसून गाणारी गायिका एकदम कपाळाच्या आत, दोन भुवयांच्या मागे येऊन बसते. जुनी मोनो ध्वनिमुद्रणं तर तिथून हलतच नाहीत. म्हणजे प्रामाणिक राहायचं ते नक्की कशाशी?

याहून मोठी अडचण कानातच आहे. शाळेत असताना पेनच्या टोपणावर फुंकर मारून आपण सगळ्यांनीच शिट्टी वाजवली आहे. एका टोकाला बंद असलेली नळी आपल्या लांबीप्रमाणे एका ठराविक सुराला घुमते. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची, आतल्या टोकाला पडद्याने बंद. ती ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते. पाळीची वळणंही त्यात हातभार लावतात. त्यामुळे अगदी सपाट, कुठेही चढउतार नसलेला आवाज देणारा स्पीकर समोर ठेवला आणि कानाच्या पडद्यापाशी मोजणी केली, तर तिथे दहा-पंधरा डेसिबलची टेकडी दिसते. मेंदूला ती टेकडी जन्मापासून सवयीची, म्हणून आपल्याला ती जाणवत नाही. हेडफोन मात्र कानालाच चिकटून बसतो, त्यामुळे पाळीचा आणि खोलीचा हिशेब बिघडतो. नैसर्गिक वाटायचं असेल तर त्याने ती टेकडी योग्य जागी, योग्य उंचीची, स्वतःहून रचून दिली पाहिजे.

पण किती उंच? १९८० च्या दशकात जर्मनीत गुंथर टाइले यांनी मांडलं की चहूबाजूंनी सारखा आवाज येणाऱ्या खोलीत कानापाशी जे मोजलं जाईल, ते हेडफोनसाठी प्रमाण धरावं. पुढे २०१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत हार्मन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी साध्या, चांगल्या खोलीतले चांगले स्पीकर प्रमाण मानले आणि ऐकणाऱ्या माणसांना बसवून त्यांची पसंती विचारली. लोकांना खालचे सूर जरा भरीव आणि वरचे जरा निवलेले हवे होते. दोन्ही पक्ष अभ्यासू, दोन्ही पक्षांकडे मोजमापं, आणि दोघांची उत्तरं वेगळी. त्यात माझी पाळी माझ्या सख्ख्या भावाच्या पाळीसारखी नाही.

मला इथे पाठभेद हा शब्द आठवतो. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. ते काम १९६६ मध्ये पुरं झालं. त्याच्या कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून ती शुद्ध केली. त्या मंडळींना निदान एवढी आशा होती की प्रती ताडत मागे गेलं तर जुन्यात जुन्या पाठापर्यंत पोचता येईल. हेडफोनांच्या बाबतीत मागे कुणी नाहीच. सगळ्या प्रतीच आहेत, आणि प्रत्येक प्रतीच्या लेखनिकाने आपल्या कानाला जे पटलं ते लिहिलं आहे. या छंदाकडे मी असा पाहतो. कपाटातल्या सतरांपैकी कोणता खरा, हा प्रश्न मी सोडून दिला. कोणत्या लेखनिकाने कुठे आणि का हात फिरवला, हा प्रश्न सुटायला मात्र सतराही पुरत नाहीत.

लेखनिकांची परंपरा मोठी गमतीची आहे. युटामधल्या नॅथॅनियल बाल्डविनने १९१० च्या सुमारास आपले हेडफोन अमेरिकी नौदलाला पाठवले. नौदलाला ते पसंत पडले आणि मागणी आली, पण बाल्डविन एका वेळी मोजकेच पुरवू शकत होता, कारण त्याचा कारखाना म्हणजे घरातलं स्वयंपाकघर. त्या हेडफोनांवर संगीत ऐकावं असं कुणाच्या मनात नव्हतं. तारायंत्राची टिकटिक कळली म्हणजे पुष्कळ होतं. १९३७ मध्ये बर्लिनच्या बायर कंपनीने डीटी ४८ काढला. आजच्या बहुतेक हेडफोनांत असते तशी, स्पीकरसारखी चुंबक आणि हलत्या वेटोळ्याची रचना त्यात होती.

संगीतासाठी म्हणून हेडफोन लोकप्रिय केला तो जॉन कॉस याने, १९५८ मध्ये, अमेरिकेत मिलवॉकीला. हा मूळचा जॅझ वाजवणारा माणूस, आणि धंदा होता इस्पितळांना टीव्ही भाड्याने देण्याचा. त्याने आणि त्याच्या अभियंता भागीदाराने सुटसुटीत स्टिरिओ रेकॉर्ड प्लेयर बनवला आणि प्रदर्शनात मांडला. सोबत स्टिरिओचा परिणाम दाखवायला दोन कानांचे हेडफोन ठेवले. लोकांनी प्लेयरकडे ढुंकून पाहिलं नाही, हेडफोनांभोवती गर्दी केली. लग्नात नवरदेवापेक्षा करवलीचाच बोलबाला व्हावा, तसं ते झालं.

पण माझा जीव ज्या वळणावर अडकतो ते १९६८ चं. तोवरचे बहुतेक हेडफोन म्हणजे कानावर बसवलेली बंद डबडी. जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ काढला आणि डबडीची पाठ उघडी ठेवली. गाद्या पिवळ्याधमक स्पंजच्या. बाहेरचा आवाज आत येतो, आतला बाहेर जातो, शेजारी बसलेल्याला त्रास होतो. आणि तरी आवाज कोंडल्यासारखा वाटत नाही, मोकळा होतो. कोंडलेल्या खोलीची खिडकी उघडावी इतका साधा बदल. तो हेडफोन लाखोंनी खपला. मी हातात धरलेला एका वयस्क गृहस्थांकडचा होता, स्पंज नवा घातलेला. आवाज फार उत्तम नाही. पण त्याच्याआधीचे बंद हेडफोन ऐकलेल्या माणसाला १९६८ मध्ये काय वाटलं असेल, त्याची कल्पना येते.

जपानमध्ये स्टॅक्सने त्याआधीच, १९६० मध्ये, वेगळाच ग्रंथ लिहायला घेतला होता. त्यांच्या हेडफोनात वेटोळं नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधे केसापेक्षा कितीतरी पटींनी पातळ फिल्म ताणलेली असते. तिच्यावर विद्युतभार ठेवायचा, आजच्या जोडणीत ५८० व्होल्टचा, आणि पत्र्यांवरच्या संकेताने तिला पुढेमागे ओढायचं. हे ऐकून माझ्या एका मावसभावाने तो कानाला लावायला साफ नकार दिला. प्रवाह नगण्य असतो, धोका नाही, हे मी त्याला तीनदा समजावलं. त्याचं चुकलं. त्या फिल्मला जवळजवळ वजनच नसल्यामुळे सारंगीचा गज तारेला टेकतानाची खरखर मी पहिल्यांदा तिथे ऐकली. ऐकली आणि थोडा अस्वस्थही झालो. कलावंताच्या इतकं जवळ बसायला आपल्याला कुणी बोलावलं होतं का, असं वाटलं.

मग १९८९ ते १९९१. जपानमध्ये पैसा उतू जात होता आणि युरोपातल्या जुन्या पेढ्यांनाही स्पर्धेची खुमखुमी आली होती. सोनीने एमडीआर-आर१० काढला; त्याच्या वाट्या जपानी झेलकोवाच्या जुन्या लाकडातून कोरलेल्या, आणि पडदा जिवाणूंकडून विणून घेतलेल्या सेल्युलोजचा. व्हिएन्नाच्या एकेजीने के१००० केला, जो कानाला टेकतच नाही. कानाच्या बाजूला दारांसारख्या झडपा उभ्या राहतात, हव्या तेवढ्या उघडायच्या. त्याला चालवायला हेडफोनचा ॲम्प पुरत नाही, स्पीकरचा लागतो. आणि १९९१ मध्ये सेनहायझरने ऑर्फियस केला, स्टॅक्ससारखाच फिल्मचा, व्हॉल्व्हच्या ॲम्पसकट, फक्त ३०० संच. या तिघांपैकी मी के१००० तेवढा ऐकला आहे, एका दुपारी, चाळीस मिनिटं. त्याचं टिपण पुस्तकात आहे आणि ते भाविकतेने लिहिलेलं आहे, याची आगाऊ कबुली देतो. उरलेल्या दोघांबद्दल पुस्तकात काही नाही. न ऐकलेल्याचं वर्णन करणारी मंडळी या छंदात भरपूर आहेत, त्यांत आणखी एकाची गरज नाही.

या सगळ्या थोरामोठ्यांच्या मधे माझी पोथी मात्र साधी आहे: १९९७ चा सेनहायझर एचडी ६००. वजन २६० ग्रॅम, ३०० ओम. त्याची गादी, जाळी, वायर, आवाज काढणारा ड्रायव्हर, डोक्यावरची पट्टी, सगळं हाताने सुटं होतं आणि सुटं मिळतं. खालचा खर्ज त्याला नीट पोचत नाही, हे मान्य. पण माणसाचा गळा तो असा समोर ठेवतो की बाकीच्यांची मापं मी त्याच्यावरून काढतो. किशोरीताई आमोणकरांचा भूप त्याच्यावर लावला की स्वरमंडल मागे राहतं आणि गळा पुढे येतो. ब्रुकलिनच्या ग्रॅडोवर तेच स्वरमंडल झणझणत अंगावर येतं, जणू वाजवणाऱ्या हाताशेजारी आपण बसलोय. एकेजीच्या के७०१ वर दोघंही दोन पावलं मागे सरकतात आणि मधे हवा येते. आता सांगा, स्वरमंडल खरं कुठे होतं? ध्वनिमुद्रण करणाऱ्याने त्याच्या खोलीतल्या त्याच्या स्पीकरवर ते कुठे ऐकलं, हे कळायला आता मार्ग नाही.

तुलना कशी करायची याबद्दल थोडं सांगतो, कारण वहीतली पहिली दोन वर्षं मी ती चुकीची केली. दोन हेडफोन एकामागोमाग लावले आणि एक किंचित मोठ्याने वाजत असला, की तो चांगला वाटतो. मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. मेख इथेच आहे. एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. दुकानांत अर्धे सौदे याच्यावर होत असावेत असा माझा संशय आहे. म्हणून मी जाड पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात लहानसा माइक बसवला, त्यावर हेडफोन ठेवून आवाज मोजायला लागलो आणि दोन्ही एका पातळीवर आणूनच ऐकायला लागलो. पहिल्याच महिन्यात वहीतले तीन राजे पदच्युत झाले. जाता जाता: ही पातळी बेताचीच ठेवावी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा सांगते, आणि कान गेल्यावर कपाट कुणाला विकणार?

दुसरी अडचण स्मरणाची. आवाजाचा बारीक तपशील काही सेकंदांतच मनातून विरतो. एक हेडफोन काढून, केस सारखे करून, दुसरा घालेपर्यंत आपण ऐकलेल्याची आठवण नव्हे, ऐकलेल्याबद्दलच्या मताची आठवण उरते. आणि डोळे मिटूनही फसवणूक टळत नाही, कारण अर्धा किलोचा प्लॅनर, म्हणजे सपाट पडद्याचा हेडफोन, डोक्यावर बसला की तो कोणता हे मानेलाच कळतं. ऑलिव्ह आणि मंडळींनी यावर युक्ती काढली: सगळ्यांच्या डोक्यावर एकच हेडफोन, आणि त्याच्यावर संगणकाने बाकीच्यांच्या आवाजाची नक्कल. मला ते घरी जमलं नाही. मी आपला वीस सेकंदांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा लावतो आणि त्यात फक्त एकच गोष्ट ऐकतो. तबल्याच्या बायाँची घुमक किती लांबते, बस.

किमतीबद्दल विचारतातच. येरुन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांच्या मोजमापांवरून दाखवलं की आवाजाचा चढउतार आणि विक्रीची किंमत यांचा काही संबंध लागत नाही. माझ्या वहीची साक्ष याच बाजूची आहे. महागात लाकूड येतं, कातडं येतं, हलका पडदा येतो, पेटी येते. कधी कधी त्याबरोबर खरोखर काही नवं ऐकू येतं, आणि ते ऐकणारा माणूस पुढे दहा वर्षं बिघडतो. वायरी बदलून आवाज बदलतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चहा पाजतो. शंभर तास वाजवून हेडफोन मुरतो, या समजुतीबद्दल माझं मत असं की मुरतो तो बहुधा ऐकणारा. लोणच्यासारखं.

कुणी विचारेल, संगणकावर इक्वलायझरने कुठल्याही हेडफोनची टेकडी हवी तशी घडवता येते, मग सतरा कशाला? प्रश्न बरोबर आहे. बरंचसं घडवता येतं, मीही करतो. पण वरच्या सुरांत गादी कानावर कशी बसली यावर सगळं अवलंबून असतं, चष्म्याची काडी मधे आली तरी खालचा खर्ज गळतो, आणि शेवटी दुरुस्त केलेल्या सगळ्या प्रती एकसारख्या झाल्या की ताडून पाहायला उरतं काय? हे उत्तर पूर्ण पटण्यासारखं नाही, हे मला ठाऊक आहे.

संग्रह टिकवणं हे निराळंच प्रकरण. हेडफोनचा शत्रू आहे फोम. वापरा, नका वापरू, काही वर्षांत त्याचा भुगा होतो आणि तो नेमका ड्रायव्हरवर पडतो. एका वर्षी गणपतीला गावी पंधरा दिवस राहून परत आलो तर कपाटातल्या कातडी गाद्यांवर हिरवट बुरशी चढली होती, वासासकट. मी त्या व्हिनेगरने पुसल्या, त्या तडकल्या; चूक सर्वस्वी माझी. आता पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि दर रविवारी प्रत्येक हेडफोन अर्धा तास वाजवला जातो. गोठ्यातली जनावरं फिरवून आणावीत, तसं.

पाठभेदाची कल्पना माझी नाही खरी. ती मला मिरजेत सुचवली गेली. सतार-तंबोऱ्यांच्या त्या गावात एका कारागिरांकडे मी तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण करायला गेलो होतो. ते जवारी लावत होते: घोडीवर तार जिथे टेकते तिथे खाली दोऱ्याचं सूत सरकवायचं, तार छेडायची, ऐकायचं, केसभर मागे घ्यायचं. झणत्कार कमी, जास्त, सैल, दाट. काम झाल्यावर तेच ध्वनिमुद्रण मी त्यांना तीन हेडफोनांवर ऐकवलं. त्यांनी तिन्ही वेळा डोळे मिटून घेतले, एका कानाची वाटी जरा बाजूला करून समोरचा तंबोरा छेडून पाहिला, पुन्हा वाटी लावली. मी विचारलं, कोणता बरोबर?

"तंबोरा तिन्हींत माझाच हाय," ते म्हणाले, "पन सूत तीन जागी सरकलंय." मग त्यांनी ग्रॅडो काढून माझ्या हातात दिला, म्हणाले, "ह्यात जवारी उघडी लागलीय, बाईमाणसाच्या गळ्याला चालंल," आणि पुढच्या तारेकडे वळले.

टिपणं तारखेच्या क्रमाने आहेत. गुण, तारे, क्रमवारी दिलेली नाही. एचडी ६०० पाच ठिकाणी येतो, आणि पाचही ठिकाणी मी त्याच्याबद्दल एकच म्हटलेलं नाही. जुळवून घ्यायचा मोह झाला, पण तसंच ठेवलं. सुरुवातीची अकरा टिपणं आवाजाची पातळी न जुळवता केलेली आहेत. त्यांतल्या चौथ्यात मी एका हेडफोनवर सहा पानं भरभरून लिहिलं आहे आणि शेवटी दोन उद्गारचिन्हं काढली आहेत. तो हेडफोन मी पुढच्याच वर्षी एकाला देऊन टाकला. ती सहा पानं वगळावीत असं प्रकाशकांचं मत होतं.